कुतूहल : मनगट का भरून येतं?
ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावर १९८५पासून मिराज २००० विमानं आहेत. त्यांचा गडगडाट ऐकत वाढलेली मुलं संगणकावर तीच विमानं उडवतात. मग अर्ध्या तासात मनगट का भरून येतं?

खऱ्या मिराजमध्ये स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये असते. हात मांडीवर टेकतो. टेबलावरच्या स्टिकसाठी मात्र कोपर अधांतरी राहतं, खांदा उचलला जातो आणि हाताचा सगळा भार स्नायू पेलतात.

स्टिकची लांबीही महत्त्वाची. लांब दांडीच्या नळाने पाणी हवं तेवढंच सोडता येतं. तसंच इथे: दांडी लांब असेल तर तेवढ्याच कोनासाठी हात जास्त सरकतो आणि नेम बारीक साधतो.

म्हणून स्टिक घेण्याआधी खुर्चीत बसा, कोपर टेकवा. हात जिथे सहज विसावेल, तीच स्टिकची जागा.