एका सेकंदाचं वाचायला दोन तास!

ऑगस्ट 2025. या एका महिन्यात यूपीआयवरून 2,001 कोटी व्यवहार झाले. रक्कम 24.85 लाख कोटी रुपये! एवढ्या शून्यांपुढे डोकं चालत नाही, म्हणून चला, फोडून पाहू. महिन्याचे 31 दिवस, म्हणजे दिवसाला साडेचौसष्ट कोटी व्यवहार. सेकंदाला सरासरी 7,470. आणि त्याच एका सेकंदात सुमारे 93 लाख रुपये या खिशातून त्या खिशात! डेक्कन क्वीन मुंबईहून निघून पुण्याला टेकते साधारण सव्वातीन तासांत. तेवढ्या वेळात देशात 10,800 कोटींहून अधिक रुपये हललेले असतात.

आता खरी गंमत. यातला प्रत्येक व्यवहार संगणक लिहून ठेवतो. किती वाजता, कुठून कुठे, जमलं की फसलं. एक ओळ झाली की तिच्याखाली दुसरी, न थांबता. हीच लॉग फाइल. एका व्यवहाराची एकच ओळ धरली आणि एक ओळ वाचायला एकच सेकंद लागतो असं मानलं, तरी एका सेकंदाच्या ओळी वाचायला दोन तासांहून जास्त वेळ लागेल. तुम्ही वाचून मान वर कराल, तोवर पुढच्या साडेपाच कोटी ओळी लिहून झालेल्या!

आणि एकच ओळ हा हिशेब फार उदार झाला. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, मोबाइलमधलं अ‍ॅप आणि मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा, एवढ्यांचे हात एका व्यवहाराला लागतात. प्रत्येकाची एकेकच ओळ धरा. दिवसाच्या झाल्या 258 कोटी ओळी. झोप नाही, जेवण नाही, सेकंदाला एक ओळ वाचत बसलात तर एका दिवसाचा लॉग संपायला 82 वर्षं! अख्खं आयुष्य, एका मंगळवारासाठी. त्या ओळी छापून टोकाला टोक जोडा. शंभर अक्षरांची ओळ, लांबी 20 सेंटिमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर ही पट्टी ते अंतर 3,440 वेळा कापेल. 5 लाख 16 हजार किलोमीटर! चंद्र सरासरी 3 लाख 84 हजारांवर आहे. पट्टी त्याला मागे टाकून पुढे निघून जाते. रोज!

या पुरात बिघाडाची ओळ शोधणार कोण? दोन छोट्या आज्ञा. ‘टेल’ फाइलच्या शेपटीला चिकटून राहते आणि नवी ओळ पडली रे पडली की पुढे ढकलते. ‘ग्रेप’ हव्या त्या शब्दाची ओळ ठेवते, बाकीच्या सोडून देते. ग्रेप लिहिली केन थॉम्पसन यांनी, 1973 सालच्या युनिक्स या संगणकप्रणालीत ती होती. पन्नास वर्षांहून जुनी, आणि आजही सर्व्हरपाशी बसलेली मुलं एकमेकांना सांगतात, ‘लॉगवर ग्रेप मार.’ ओळी असंख्य यंत्रांवर विखुरलेल्या असतात, पाठीशी मोठमोठी सॉफ्टवेअरं असतात, पण चाळणीची कल्पना हीच.

समजा, लाखात एक ओळ बिघाडाची. मिनिटाला पडतात 17 लाख 90 हजार ओळी, पहिल्या चाळणीतून उरतात 18. अठरा! आता या आज्ञा ज्यात लिहिल्या त्या फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, आणखी दोन-चार आज्ञा घाला: अठरा नेहमीच्याच, गप्प राहा; एका मिनिटात 180 झाल्या तर फोन वाजव. दिवसाच्या 258 कोटी ओळी, चंद्रापलीकडे जाणारी ती पट्टी, आणि सगळं सुरळीत असेल तर माणसापर्यंत पोचतं काय? शून्य! दिवसभरात एकही फोन नाही.

तुमच्या दुकानाच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या सर्व्हरवरही अशी फाइल वाढतेच आहे. तिच्यावर नजर ठेवायची तर टेल या आज्ञेपुढे छोटा एफ (-f) नाही, मोठा एफ (-F) द्या. कारण बहुतेकदा रात्री जुनी फाइल बाजूला सरकवून त्याच नावाची नवी सुरू होते. छोटा एफ जुन्या, मुक्या फाइलपाशीच बसून राहतो. मोठा एफ नवी फाइल धरतो.