सूर्याविना नाताळ

नॉर्वेत बर्गेनहून किर्केनेसला जाणारी किनाऱ्याची बोट मी नाताळच्या सुट्टीसाठी पसंत केली. फार तर पाच-सहाशे उतारूंची ही बोट. पण ती निव्वळ हौशी प्रवाशांची नव्हे. १८९३ साली कप्तान रिचर्ड विथ यांनी ही सेवा सुरू केली ती उत्तरेच्या गावांना हिवाळ्यातही टपाल मिळावे म्हणून. आजही वाटेत ३४ बंदरे लागतात. माल उतरतो, गावकरी चढतात.

बोडोपुढे वेस्टफ्योर्डात बोट अशी डोलू लागली की, जवळचा आलेपाकच कामी आला! ट्रॉम्सोकडे तर ऐन नाताळात सूर्य उगवतच नाही. दुपारी निळसर संधिप्रकाश तेवढा. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी तांदळाच्या खिरीत एकच बदाम दडवतात. तो ज्याला सापडेल, त्याला बदामाच्या मिठाईचे डुक्कर बक्षीस!

आमची हसाहशी चालली असतानाच एका चिमुकल्या धक्क्यावर भेटींची पुडकी सांभाळीत एक आजीबाई उतरल्या. बर्फात ताटकळलेल्या नातवंडांनी त्यांना गराडाच घातला. आमची ती सहल होती. त्यांचे ते घरी येणे होते. भाऊच्या धक्क्यावरून सणासुदीला रत्नागिरी-मालवणकडे निघणाऱ्या कोकणबोटी एके काळी हेच काम करीत. बोट ज्यांच्यासाठी थांबते, खरा सण त्यांचाच!