दुर्बळपणातले सामर्थ्य
ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणजे माणसाने न कमावलेली, देवाने आपण होऊन दिलेली देणगी; स्वतःच्या बळाऐवजी या कृपेवर विसंबावे, ही शिकवण प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात उत्कटपणे येते. शरीरात रुतलेला ‘काटा’, म्हणजे नेमके स्वरूप न सांगितलेली एक पीडा, दूर व्हावी म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवले, परंतु काटा निघाला नाही. त्याऐवजी कृपा पुरेशी आहे आणि दुर्बळपणातच देवाचे सामर्थ्य पूर्णत्वास जाते, असे उत्तर त्याला मिळाले. मात्र असे विसंबणे म्हणजे आळस नव्हे, कारण करिंथात तंबू करून पोट भरणारा पौल अथक राबला आणि त्या श्रमांचे श्रेयही त्याने कृपेलाच दिले.