मिनेसोटाचा सोडलेला गडी

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ ओळखला जातो, त्याचा मुंबईच्या कूपरेजवर किंवा कलकत्त्याच्या मैदानावर रंगणाऱ्या फुटबॉलशी संबंध नावापुरताच आहे. तेथे चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो हाती धरून पळतात, हातानेच फेकतात आणि हातानेच झेलतात. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, आणि सरकता सरकता प्रतिपक्षाची शेवटची रेषा ओलांडावयाची, हे या खेळाचे सूत्र होय. रेषा ओलांडून मिळविलेल्या यशास ‘टचडाउन’ म्हणतात. चेंडू फेकणारा जो नायक, तो क्वार्टरबॅक. आणि दूरवर धावत जाऊन तो फेकलेला चेंडू झेलणारा, तो रिसीव्हर. या दुसऱ्या जातीच्या एका गड्यासंबंधी मिनेसोटा राज्यातील रसिकांमध्ये जो वाद अनेक वर्षे चालला, तो समजून घेतला म्हणजे तेथील व्यावसायिक खेळाचा सारा व्यवहार उलगडतो.

गड्याचे नाव रँडी मॉस. १९९८ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्याला नवोदितांच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ज्याला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात त्यात, एकविसाव्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच हंगामात त्याने टचडाउनचे १७ झेल घेतले. नवोदिताने इतके झेल पूर्वी कधी घेतले नव्हते. सहा फूट चार इंच उंची, हरणाची चपळाई आणि दोन रक्षकांच्या डोक्यावरून चेंडू उचलून आणण्याची हातोटी यांमुळे प्रतिपक्षाला त्याच्यासाठी एकाऐवजी दोन गडी गुंतवावे लागत. त्या हंगामात व्हायकिंग्जने १६ पैकी १५ सामने जिंकले. पण १९९९ च्या जानेवारीत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर अटलांटाच्या संघाने त्यांना जादा वेळेत ३० विरुद्ध २७ असे हरविले. ज्या लाथाडूने हंगामभर एकही लाथ चुकविली नव्हती, त्याची नेमकी त्याच दिवशी एक चुकली. मिनेसोटाच्या लोकांना ती तारीख सांगावी लागत नाही.

१९६१ पासून खेळणारा हा संघ चार वेळा सर्वोच्च सामन्यापर्यंत पोचला आणि चारही वेळा हरला. अशा संघाच्या चाहत्याला पराभव कोठून सुरू झाला हे शोधण्याची सवय जडते, आणि शोध घेता घेता तो मैदान सोडून सौद्यांच्या वहीकडे वळतो. मिनेसोटातील वाद समजण्यासाठी ही वही कशी लिहिली जाते ते पाहिले पाहिजे.

गडी कोणत्या संघाकडून व्यवसायास आरंभ करणार हे ड्राफ्टमध्ये ठरते. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याला पहिली निवड, जो विजेता ठरला त्याला शेवटची, असा साधारण क्रम असतो. हेतू असा की बलवानांनी कायमचे बलवान राहू नये. परंतु निवडीचा हा हक्क विकता येतो, आणि सारी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. संघ गड्याच्या बदल्यात गडी देतात, गड्याच्या बदल्यात हक्क देतात, पुढील वर्षांचे हक्कही देतात. शेतकऱ्याने उभे पीक विकावे तसाच हा प्रकार, फरक इतकाच की येथे पुढल्या तीन वर्षांचे न पेरलेले पीकही बाजारात आणता येते.

तसे ते १९८९ साली व्हायकिंग्जने आणले. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांनी डॅलस काउबॉईज या संघाकडून हर्शेल वॉकर नावाचा नामांकित धावपटू मिळविला. त्याच्या मोबदल्यात पाच गडी आणि निवडीचे अनेक हक्क डॅलसला देण्याचे ठरले. कराराची खुबी अशी होती की त्या पाच गड्यांपैकी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक हक्क बांधलेला होता: ठराविक मुदतीत डॅलसने गडी सोडून दिला तर त्याऐवजी मिनेसोटाचा पुढील वर्षांचा हक्क डॅलसला मिळावा. व्हायकिंग्जच्या कारभाऱ्यांनी गृहीत धरले की समोरचा संघ गडी ठेवून घेईल. डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याला मात्र गड्यांची फारशी गरज नव्हती; त्याचा डोळा हक्कांवर होता. पुढे वाटाघाटी करून त्याने काही गडीही राखले आणि मोठे हक्कही पदरात पाडून घेतले. अशा रीतीने १९९० ते १९९२ या तीन वर्षांचे मिनेसोटाचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे हक्क डॅलसकडे गेले.

वॉकरने पहिल्या सामन्यात १४८ यार्ड धावून मिनेसोटाला हर्षभरित केले खरे. पण तेथील कोणत्याही हंगामात त्याचे हजार यार्ड भरले नाहीत, आणि १९९१ नंतर तो निघून गेला. इकडे मिळालेल्या हक्कांचा आणि त्यांच्या पुढील अदलाबदलींचा उपयोग करून डॅलसने एमिट स्मिथ, रसेल मेरिलँड, केव्हिन स्मिथ, डॅरन वुडसन असे गडी आणले. १९८९ च्या हंगामात एकच सामना जिंकणारा हा संघ १९९३, १९९४ आणि १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च विजेता ठरला, आणि एमिट स्मिथ धावांच्या यार्डांत साऱ्या इतिहासात अग्रेसर झाला. मिनेसोटात वादाचा कोणताही धागा धरा, तो फिरून वॉकरपाशी येतो.

डॅलसच्याच मंडळींनी १९९० नंतर या व्यापारासाठी एक मूल्यपट तयार केला. पहिल्या निवडीला ३००० गुण, सातवीला १५००, शंभरावीला १०० अशी ती उतरती भांजणी आहे. अदलाबदल करताना दोन्ही पारड्यांतील गुणांची बेरीज करून सौदा समतोल आहे की नाही हे पाहावयाचे. हा पट पुढे जवळजवळ सर्वच संघांनी या ना त्या स्वरूपात वापरला. त्यावर रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी आक्षेप घेतला. पहिल्या काही निवडींना संघ अवाजवी किंमत देतात, आणि आजच्या हक्कासाठी उद्याचा हक्क कवडीमोलाने विकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अर्थात माणसाच्या आर्थिक वर्तनावरील व्यापक संशोधनासाठी. फुटबॉल हे त्यातील एक उदाहरण.

हाच पट हाती घेऊन मॉसचा प्रवास पाहिला तर चमत्कारिक चित्र दिसते. २००५ साली व्हायकिंग्जने त्याला ओकलंडच्या संघाकडे धाडले. मोबदल्यात नेपोलियन हॅरिस हा रक्षक, सातव्या क्रमांकाची निवड आणि एक क्षुल्लक हक्क मिळाला. एकट्या सातव्या निवडीचेच १५०० गुण. त्या निवडीवर घेतलेला ट्रॉय विल्यमसन हा वेगवान होता, पण हातातला चेंडू त्याच्याकडून निसटे. २००८ साली सहाव्या फेरीच्या एका हक्कावर त्याची बोळवण झाली. मॉस ओकलंडमध्ये कोमेजला, आणि २००७ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला ११० व्या निवडीच्या मोबदल्यात उचलले. तिचे गुण अवघे ७४. त्याच वर्षी त्याने टचडाउनचे २३ झेल घेऊन एका हंगामाचा नवा उच्चांक केला आणि त्याचा संघ साखळीतील सोळाही सामने जिंकला. दोन वर्षांत ज्याची किंमत विसाव्या हिश्शाहून खाली आली, तो गडी तोच होता. बदलले होते ते चेंडू फेकणारे हात आणि सभोवतीची माणसे. रिसीव्हरचे मोल एकट्याने ठरत नाही, हे समर्थकांचे म्हणणे येथे पूर्णपणे पटण्याजोगे आहे.

आता २०१० चे प्रकरण. आदल्या हंगामात व्हायकिंग्ज पुन्हा एकदा अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर जादा वेळेत हरले होते. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह चाळिशी ओलांडत होता, मुख्य रिसीव्हर कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता, आणि पहिल्या तीन सामन्यांपैकी एकच जिंकलेला. अशा वेळी ६ ऑक्टोबर २०१० रोजी तिसऱ्या फेरीचा हक्क देऊन त्यांनी मॉसला परत आणले. ११ ऑक्टोबरला फार्व्हने आपल्या कारकिर्दीतील टचडाउनची ५०० वी फेक केली ती मॉसच्याच हातात. चाहत्यांना १९९८ परत आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. परंतु चार सामन्यांपैकी संघाने एकच जिंकला. चौथा, ३१ ऑक्टोबरचा, नेमका न्यू इंग्लंडविरुद्ध त्यांच्याच मैदानावर होता. तो २८ विरुद्ध १८ असा गमावला गेला आणि मॉसच्या वाट्याला आठ यार्डांचा एकच झेल आला. सामन्यानंतर पत्रकारांपुढे त्याने जुन्या संघाची आणि त्याच्या प्रशिक्षकाची तोंड भरून स्तुती केली, आणि आपण दिलेला सल्ला येथे कोणी ऐकला नाही असेही सुचविले. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस याने त्याला सोडून दिल्याचे गड्यांना सांगितले.

येथे ‘सोडणे’ या शब्दाचा तांत्रिक अर्थ ध्यानात घ्यावा. अदलाबदलीची त्या हंगामाची मुदत १९ ऑक्टोबरलाच संपली होती, त्यामुळे मॉसच्या बदल्यात काही मिळविण्याचा मार्ग उरला नव्हता. मुदतीनंतर सोडलेला गडी, मग तो कितीही जुना असो, ‘वेव्हर’ नावाच्या यादीत जातो. तेथे दुबळ्या संघापासून आरंभ करून क्रमाने सर्व संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. जो सांगेल त्याला गडी आणि त्याचा उरलेला करार दोन्ही घ्यावे लागतात. गड्याला निवड नसते. मॉसवर टेनेसीच्या संघाने हक्क सांगितला आणि तो तेथे गेला. मिनेसोटाच्या पदरी राहिले ते चार सामने, १३ झेल, १७४ यार्ड आणि गमावलेला एक हक्क. पटाप्रमाणे त्या हक्काचे गुण २२०.

यावर चाहत्यांत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की शिस्त मोडणाऱ्या गड्यास ठेवणे म्हणजे उरलेल्या सर्वांना शिस्त मोडण्याचा परवाना देणे; प्रशिक्षकाने केले ते कठोर, पण योग्य. दुसऱ्या पक्षाने विचारले की ज्या स्वभावाची साऱ्या देशाला वर्षानुवर्षे माहिती होती, तो चार आठवड्यांत नव्याने कसा कळला? स्वभाव ठाऊक असून घेतले असेल तर तो सांभाळण्याची तयारी हवी होती. नसेल तर हक्क देण्यापूर्वी विचार हवा होता. हा दुसरा पक्ष अधिक सबळ दिसतो. मालकाला पूर्वकल्पना न देताच निर्णय झाला असेही वृत्तपत्रांत आले. २२ नोव्हेंबरला, ग्रीन बेकडून ३१ विरुद्ध ३ असा पराभव झाल्यावर, चिल्ड्रेसला बडतर्फ करण्यात आले. म्हणजे सोडणारा सोडलेल्यानंतर तीनच आठवडे टिकला. त्याच डिसेंबरात बर्फाच्या भाराने संघाच्या क्रीडागाराचे छतही कोसळले; पण त्याचा दोष कोणी अदलाबदलीला दिला नाही, एवढे तरी म्हणावे.

वॉकर आणि मॉस ही प्रकरणे एकाच मापाने मोजण्याची चाहत्यांची प्रवृत्ती असते. ती मात्र बरोबर नाही. पेट्रियट्सने मिनेसोटाच्या त्या हक्कातून रायन मॅलेट हा क्वार्टरबॅक घेतला, आणि त्यांच्यासाठी तो एकाही सामन्यात आरंभापासून खेळला नाही. समोरच्याने हक्कांतून तीन विजेतेपदे उभी केली म्हणून १९८९ चा सौदा बोचतो. २०१० च्या सौद्यात समोरच्याच्याही हाती फारसे काही लागले नाही. तेथे बोचते ते वेगळे: परत आलेला आपला माणूस आपल्याच दारातून महिन्याच्या आत माघारी गेला, ही गोष्ट.

तो आपला, असे चाहत्याने म्हणावे का? संघ खासगी मालकीचा असतो. तथापि २०१२ साली मिनेसोटाच्या विधिमंडळाने नव्या क्रीडागारासाठी राज्य आणि शहर मिळून ४९ कोटी ८० लाख डॉलर सार्वजनिक निधीतून मंजूर केले. करदाता म्हणूनही चाहत्याला प्रश्न विचारण्याचा थोडाफार अधिकार पोचतो. गड्याची बाजू मात्र या वादांत क्वचितच निघते. मॉसला दुसऱ्याच दिवशी घर मिळाले. सोडलेल्या सामान्य गड्याला ते पुष्कळदा मिळत नाही. करार संपल्यावरही संघ गड्याला अडवून ठेवू शकत असत, त्याविरुद्ध गड्यांनी खटला भरला तो मिनेसोटातीलच न्यायालयात, आणि १९९२ साली तेथील ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यातून १९९३ पासून करार संपलेल्या गड्यांना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी मिळाले. भारतातील श्रोत्याला या भावना अगदीच परक्या वाटू नयेत. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा २०२४ च्या हंगामात वानखेडेवर मुंबईकरांनीच आपल्या कर्णधाराची हुर्यो केली होती.

मिनेसोटाच्या वहीत एक सुखाचे पानही आहे. २०२० साली स्टेफन डिग्ज या नाराज रिसीव्हरला बफेलोकडे देऊन त्यांनी जे हक्क घेतले, त्यांपैकी २२ व्या निवडीवर जस्टिन जेफरसन आला. डिग्ज त्या वर्षी झेलांत आणि यार्डांत साऱ्या संघांत पहिला ठरला. २०२२ साली १८०९ यार्डांसह जेफरसन पहिला ठरला. दोन्ही शहरे संतुष्ट झाली असा सौदा विरळा. मॉसचे नाव व्हायकिंग्जने २०१७ साली आपल्या सन्मानितांत घातले, आणि २०१८ साली ओहायोतील कँटन येथील कीर्तिमंदिरात, पात्र होताच पहिल्याच वर्षी, त्याला प्रवेश मिळाला. टचडाउनच्या त्याच्या एकूण झेलांची संख्या १५६ आहे. त्यांपैकी २०१० मध्ये मिनेसोटासाठी घेतलेले दोन.