कोरडा दिवस : दिल्लीच्या डेंग्यूने दिलेला नैसर्गिक आरोग्याचा पाठ

दिल्लीत मार्च महिना संपता संपता घरोघरी एक ठरलेले काम निघते. गच्चीवर किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात पाच-सहा महिने पडून राहिलेला कूलर पुसून खिडकीला लावला जातो. ताट्या झटकल्या जातात, टाकीत पाणी भरले जाते आणि पंखा सुरू होतो. विदर्भातील वाचकांना हे दृश्य अपरिचित नाही. परंतु त्या टाकीच्या आतील बाजूस, गेल्या हंगामात पाणी जेथवर होते त्या रेषेच्या किंचित वर, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक अशी काळी अंडी चिकटलेली असू शकतात. वाळलेली दिसली तरी ती मेलेली नसतात. पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात.

ही अंडी ‘एडिस इजिप्ती’ या डासाची होत. डेंग्यू आणि चिकुनगुनिया या दोन्ही आजारांचा तो प्रमुख वाहक आहे. डासांपासून नैसर्गिक संरक्षण म्हटले की कडुलिंबाचे तेल, कापूर, तुळस, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी आणि ताप आल्यावर पपईच्या पानांचा रस, अशी यादी बहुतेकांच्या मनात तयार असते. या यादीतील प्रत्येक उपायाचे मोल कीटकशास्त्राच्या कसोटीवर किती, आणि खरे नैसर्गिक संरक्षण कोठे आहे, हे दिल्लीच्या अनुभवाच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल.

दिल्लीचा अनुभव

१९९६ साली दिल्लीत डेंग्यूच्या रक्तस्रावी तापाची मोठी साथ आली. त्या साथीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर पावसाळा सरत असताना, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, डेंग्यू हा राजधानीचा जणू ठरलेला पाहुणा झाला. २०१५ मध्ये पुन्हा १५,८६७ रुग्णांची आणि ६० मृत्यूंची नोंद झाली. दोन्ही वर्षांच्या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. पण वेळेवर निदान झाले आणि शरीरातील द्रवाचे प्रमाण नीट सांभाळले तर डेंग्यूचा रुग्ण वाचू शकतो, हे या दरम्यानच्या वैद्यकीय अनुभवाने दाखवून दिले आहे.

दिल्ली आणि भोवतालच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या पट्ट्यात हा डास रुजण्याची कारणे माणसाच्या राहणीतच आहेत. पाणीपुरवठा अनियमित असल्याने लोक पिंपांत आणि बादल्यांत पाणी साठवतात. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात. छतावरच्या टाक्यांची झाकणे तुटलेली असतात. बांधकामांवर भिंती आणि स्लॅब भिजवण्यासाठी पाणी साठवून ठेवलेले असते. एडिसला गटाराचे घाण पाणी फारसे लागत नाही; माणसाने जपून ठेवलेले स्वच्छ पाणी त्याला पुरते. त्यामुळे नीटनेटक्या वसाहतीतही डेंग्यूचे रुग्ण आढळतात.

शत्रूची ओळख

एडिसची मादी एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते. ती सगळी एकाच ठिकाणी न घालता अनेक भांड्यांत थोडी थोडी वाटते. अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर नसून भांड्याच्या ओलसर कडेला घट्ट चिकटलेली असतात. कोरड्या अवस्थेतही ती कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी चढून ती भिजली की अळी बाहेर येते, अळीचा कोष होतो आणि उबदार हवेत साधारणतः सात ते दहा दिवसांत प्रौढ डास उडून जातो.

या वर्णनात दोन व्यावहारिक गोष्टी दडल्या आहेत. पहिली अशी की, पाणी नुसते ओतून दिल्याने अळ्या मरतात, पण कडेची अंडी तशीच राहतात. ती खरवडूनच काढावी लागतात. दुसरी अशी की, अंड्यापासून डास होण्यास किमान आठवडाभर लागतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा हे चक्र तोडले तरी पुरते. महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यसेवेत रूढ असलेल्या ‘कोरडा दिवस’ या कल्पनेचा पाया हाच आहे.

प्रौढ डास फार दूर जात नाही. तो बहुधा जन्मस्थानापासून काहीशे मीटरच्या परिघातच आयुष्य काढतो. म्हणून एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण आढळला, तर डासांचे उगमस्थान शोधण्यास त्याच घरापासून आणि शेजारच्या दोन-चार घरांपासून सुरुवात करावी.

कडुलिंबाचे खरे मोल

कडुलिंबाचा कीटकशास्त्रीय इतिहास दिल्लीशी घट्ट जोडलेला आहे. १९६२ साली टोळधाड दिल्लीपर्यंत पोहोचली, तेव्हा पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे ०.१ टक्के द्रावण उभ्या पिकांवर फवारून पाहिले. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ती पाने खाल्ली नाहीत. आज शेतकऱ्यांच्या नित्य वापरात असलेल्या ५ टक्के निंबोळी अर्कामागे अशाच निरीक्षणांची परंपरा आहे. कडुलिंब प्रामुख्याने कीटकाला खाण्यापासून परावृत्त करतो आणि त्याच्या वाढीत अडथळा आणतो. संपर्क होताच मारून टाकणारे विष अशी त्याची ओळख नाही.

डासांविरुद्धही त्याची परीक्षा दिल्लीतच झाली. मलेरिया संशोधन केंद्र, म्हणजेच आजची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था, येथील डॉ. विनोद प्रकाश शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून ते उघड्या अंगाला लावल्यास ॲनोफिलीस डासांपासून १२ तास पूर्ण संरक्षण मिळाल्याचे नमूद आहे. ॲनोफिलीस हे मलेरियाचे वाहक असून ते मुख्यतः रात्री चावतात. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसा चावतो आणि त्याच्याबाबत १२ तासांची तीच हमी देता येत नाही. घाम आणि अंघोळ यांनीही तेलाचा थर निघून जातो.

म्हणून कडुलिंबाचे तेल पूरक साधन म्हणून अवश्य वापरावे. पण ते लावले म्हणून पिंपाचे झाकण उघडे ठेवण्याची मोकळीक मिळत नाही. वापरण्यापूर्वी हाताच्या लहान भागावर लावून पाहावे. हे तेल लहान मुलांना पोटात कधीही देऊ नये; तान्ह्या बाळांमध्ये त्यामुळे गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

धूर, सुगंध आणि कुंडीतली तुळस

कडुलिंबाचा सुका पाला जाळून संध्याकाळी धुरी देण्याची प्रथा जुनी आहे. धुराने डास काही काळ दूर जातात, हे खरे. मात्र पाल्याचा असो वा कॉइलचा, धूर हा अखेर धूरच असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. दिल्लीत डेंग्यूचा जोर असतो त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवेचे प्रदूषणही वाढलेले असते. अशा वेळी बंद खोलीत धूर करणे म्हणजे एका संकटावर दुसऱ्याची भर घालणे होय. दमेकरी, वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरात खिडक्यांना जाळी आणि दुपारच्या झोपेसाठीही मच्छरदाणी, हेच निर्धोक उपाय आहेत.

सिट्रोनेला, गवती चहा, कापूर यांचे सुगंधी अंश लवकर उडून जातात, त्यामुळे त्यांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो. तुळस किंवा झेंडू दारात लावल्याने डास घरात येत नाहीत, हा समजही तपासून घ्यावा लागतो. पानातील तेल काढून अंगाला लावणे वेगळे आणि कुंडीतले रोप नुसते उभे असणे वेगळे. उलट त्या कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी एडिसला अंडी घालण्यास सोयीचे असते. मनी प्लांटची बाटली आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे यांनाही हेच लागू पडते. ही भांडी ठेवू नयेत असे नाही. ती दर आठवड्याला घासावीत.

व्यायाम, बैठक आणि पोशाख

सकाळी बागेत फिरणे, योगासने करणे आणि सायंकाळी मोकळ्या हवेत बसणे या आरोग्यदायी सवयी आहेत. एडिसच्या चावण्याचा जोरही सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत अधिक असतो. साथीच्या दिवसांत व्यायाम सोडण्याचे कारण नाही; मात्र अंगभर, सैल आणि फिकट रंगाचे सुती कपडे घालावेत आणि दाट झुडपांजवळ चटई अंथरणे टाळावे.

कार्यालयात तासन्‌तास एका जागी बसणाऱ्यांनी टेबलाखालच्या अंधाऱ्या जागेकडे लक्ष द्यावे. एडिस अशाच सावलीत विसावतो आणि बहुधा घोट्याशी व पोटरीला चावतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे पाठीच्या कण्यास आणि पायांतील रक्ताभिसरणास हितकर असते. त्याच उठण्यात टेबलाखालची जागा पाहून घेता येते. उघड्या पायांऐवजी मोजे घातलेले बरे.

ताप आल्यावर

साथीच्या दिवसांत दिल्लीत पपईची पाने आणि बकरीचे दूध यांना अचानक मागणी येते. पपईच्या पानांच्या रसाने रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, वाढण्यास मदत होत असल्याचे काही अभ्यास सांगतात. परंतु त्यामुळे मृत्यू टळतो असे सिद्ध झालेले नाही. बकरीच्या दुधाला तर तेवढाही आधार नाही. डेंग्यूत अनेकदा जीव धोक्यात येतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब खालावल्यामुळे. म्हणून पाणी, ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी असे द्रवपदार्थ, विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला यांना पहिले स्थान द्यावे. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी द्रवाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे; ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ती टाळावीत.

येथे एक गोष्ट घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी. डेंग्यूचा घातक काळ बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान येतो. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि नेमकी तेव्हाच प्रकृती ढासळू शकते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप लागणे, अस्वस्थता, विलक्षण ग्लानी किंवा हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याच्याकडून डासाकडे आणि डासाकडून घरातील इतरांकडे विषाणू जाणार नाही.

दहा मिनिटांचा कोरडा दिवस

२०१९ मध्ये दिल्लीत ‘१० हफ्ते, १० बजे, १० मिनट’ अशी मोहीम राबवण्यात आली. दहा आठवडे, दर रविवारी सकाळी दहा वाजता, दहा मिनिटे आपल्या घरातील साचलेले पाणी तपासायचे, एवढीच तिची मागणी होती. डासाच्या जीवनचक्राशी मेळ खाणारी ही सवय कोणत्याही गावात अंगी बाणवता येईल. त्यासाठी पुढील कामे पुरेशी आहेत.

१. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून तिच्या आतील कडा काथ्याने किंवा ब्रशने घासाव्यात आणि ती वाळू द्यावी. हंगाम संपल्यावर ताट्या काढून टाकाव्यात व पुढील वर्षी नव्या बसवाव्यात.

२. पिंप, रांजण, माठ आणि बादल्या घासून मगच भराव्यात. त्यांवर घट्ट झाकण किंवा दुहेरी सुती कापड बांधावे.

३. छतावरील टाकीचे झाकण तपासावे. पाणी ओसंडण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

४. कुंडीखालच्या बशा, फुलदाण्या, फ्रिजमागील पाण्याचा ट्रे आणि पक्ष्यांची भांडी दर आठवड्याला धुवावीत.

५. टाकाऊ टायर, करवंट्या, फुटके डबे आणि फवारणी पंपांचे मोडके भाग छपराखाली ठेवावेत किंवा त्यांची विल्हेवाट लावावी.

६. गोठ्यातील जनावरांचे पाण्याचे टाके आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे. जे मोठे हौद रिकामे करता येत नाहीत, त्यांत आरोग्य विभागाच्या सल्ल्याने गप्पी मासे सोडावेत. हे मासे नदी-ओढ्यांत सोडू नयेत. तेथील स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

७. पिण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या साठ्यांत ‘बीटीआय’ या जिवाणूचा वापर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली करता येतो. बोंडअळीविरुद्ध परिचित झालेल्या ‘बीटी’ जिवाणूचाच हा एक उपप्रकार असून १९७६ मध्ये तो इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. तो प्रामुख्याने डासांच्या आणि काळ्या माशीच्या अळ्यांवर काम करतो.

शेतात किडीचे व्यवस्थापन करताना शेतकरी प्रथम तिची दुर्बल अवस्था शोधतो. एडिसची तशी अवस्था पाण्याच्या कडेला चिकटलेल्या अंड्यात आणि त्या पाण्यातल्या अळीत आहे. तेथे तो उडू शकत नाही, लपू शकत नाही आणि त्याला मारण्यासाठी विषाची गरजही भासत नाही. या कामाला लागते ती एक घासणी आणि आठवड्यातली दहा मिनिटे. घराघराने आपापला कोरडा दिवस ठरवून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि पावसाळा सुरू होण्याआधीच, पहिला कूलर बाहेर निघेल त्या दिवशी, त्याची सुरुवात करावी.