विज्ञानकथेचा चाहता: पडद्यावरचा आणि संमेलनातला

जाड चष्मा, आईवडिलांच्या घरात मुक्काम, मुलींसमोर बोबडी वळणे: अमेरिकी टीव्हीने विज्ञानकथांच्या चाहत्याचा हा साचा पक्का केला. २० डिसेंबर १९८६ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधल्या एका प्रहसनाने तो घरोघरी पोहोचवला. त्यात ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या संमेलनाला आलेले चाहते तिचे नायक विल्यम शॅटनर यांना कुठल्याशा भागातल्या तिजोरीचा क्रमांक विचारतात. शॅटनर वैतागतात आणि मालिकेतल्या स्पॉकचे टोकदार कान लावलेल्या एकाला विचारतात, आजवर एखाद्या मुलीचं चुंबन तरी घेतलं आहेस का? तो मान खाली घालतो.

हा चाहता एकटा, पुरुष आणि निव्वळ गिऱ्हाईक आहे. संमेलनांचा इतिहास तिन्ही बाबतींत वेगळा आहे.

पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला भरलं. सुमारे दोनशे जण आले. त्यांत लेखक आयझॅक असिमॉव्ह होते, तसेच उसन्या पैशांवर प्रवास करून पोहोचलेले रे ब्रॅडबरी. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटावरून बेतलेल्या पोशाखांत आले, आणि संमेलनाला वेश करून जाण्याची प्रथा तिथून मानली जाते. श्रेय मात्र बराच काळ अ‍ॅकरमन यांनाच मिळत राहिलं. दोन्ही पोशाख शिवले होते डग्लस यांनी. ही विस्मृती अन्यायाचीच म्हणायला हवी.

‘स्टार ट्रेक’ १९६९मध्ये बंद झाली, चाहते पांगले नाहीत. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी संमेलन भरवलं. जोन विन्स्टन आणि डेव्हरा लँगसम यांच्यासारख्या स्त्रिया आयोजनात पुढे होत्या. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, तीन हजारांवर आले. नासानेही प्रदर्शनासाठी वस्तू पाठवल्या.

अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२च्या ‘टेक्श्चुअल पोचर्स’ या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रहसनापासून केली. आवडत्या मालिकेवरून स्वतःच्या कथा रचणारे, नियतकालिकं काढणारे चाहते त्यांनी दाखवले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

२०१९मध्ये डब्लिनच्या जागतिक संमेलनात चाहत्यांच्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या कथाभांडाराला विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना लेखिका नेओमी नोविक यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले आणि या कामाशी नातं असलेल्यांना उभं राहण्याची विनंती केली. सभागृहात ठिकठिकाणी माणसं उठून उभी राहिली.