समाजकार्याचे शिक्षण : क्षेत्रकार्य आणि अहवालाची भाषा

प्रस्तावना

‘समाजसेवा’ आणि ‘समाजकार्य’ हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्यांत भेद करावा लागतो. पूर आला असता भाकरी बांधून पाठविणे ही समाजसेवा. तिला पदवीची आवश्यकता नसते. पूर ओसरल्यावर कोणत्या घराला भरपाई मिळाली नाही, सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे तेथील विधवेचा अर्ज अडला आहे काय, याचा शोध घेणे आणि तिला स्वतःचा हक्क मागण्यास समर्थ करणे हे समाजकार्य होय. सद्भावना दोन्हींत असते; परंतु समाजकार्याला ज्ञान, कौशल्य आणि व्यावसायिक नीतिमूल्ये यांचीही जोड लागते. ही जोड शिक्षणातून कशी मिळते, हे या पाठात पाहू.

शिक्षणाचा प्रारंभ

भारतात समाजकार्याचे औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ हे त्या संस्थेचे नाव. नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम केलेले अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये तिचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे झाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) येथे हे शिक्षण सुरू झाले. आरंभी पदवीधरांपुरते असलेले हे शिक्षण कालांतराने बारावीनंतरच्या बी.एस.डब्ल्यू. या पदवी अभ्यासक्रमाच्या रूपानेही उपलब्ध झाले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या पदवीत समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि सामाजिक कायदे यांचा परिचय करून दिला जातो. त्याबरोबर समाजकार्याच्या पद्धती शिकविल्या जातात. एका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर काम करणे, गटाबरोबर काम करणे आणि वस्तीचे अथवा गावाचे संघटन करणे या तीन प्रत्यक्ष पद्धती होत. समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या त्यांना पूरक ठरतात.

तथापि या शिक्षणाचा कणा आहे तो क्षेत्रकार्य. साधारणतः आठवड्यातील दोन दिवस विद्यार्थी रुग्णालय, शाळा, बालगृह, झोपडवस्ती किंवा ग्रामपंचायत अशा ठिकाणी काम करतो, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक अध्यापकासमवेत त्यावर चर्चा करतो. आपण काय केले यापेक्षा ते का केले, हा प्रश्न या चर्चेत महत्त्वाचा असतो. ज्याच्यासाठी काम करावयाचे त्या ‘सेवार्थी’चा निर्णय आपण घ्यावयाचा नाही, त्याची माहिती गोपनीय ठेवावयाची आणि त्याच्याविषयी पूर्वग्रह धरावयाचा नाही, ही तत्त्वे पुस्तकात वाचून लगेच समजतात, ती अंगवळणी पडतात मात्र क्षेत्रकार्यातच.

अहवालाची भाषा

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे विशेष लक्ष द्यावे. समजा, शाळा सोडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या घरी भेट देऊन एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘घर गलिच्छ असून आई मुलाकडे लक्ष देत नाही.’ दुसऱ्याने लिहिले : ‘एका खोलीत पाच जण राहतात. आई सकाळी सहाला धुणीभांड्यांच्या कामास जाते व दुपारी दोनला परतते. या वेळेत मुलगा घरी एकटा असतो.’ पहिले वाक्य हा निवाडा आहे. त्यातून मार्ग निघत नाही. दुसरे निरीक्षण आहे. सकाळच्या वेळेची काही व्यवस्था करता येईल काय, हा पुढचा प्रश्न त्यातूनच सुचतो.

हा भेद केवळ शैलीचा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये एखाद्या बालकावर आरोप असल्यास परिवीक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता त्याचा सामाजिक अन्वेषण अहवाल तयार करतो आणि बाल न्याय मंडळ निर्णय देताना तो विचारात घेते. मूल घरी राहील की संस्थेत जाईल, हे ठरविण्यात अशा वाक्यांचाही वाटा असतो. म्हणून विशेषण वापरण्यापूर्वी त्यामागील घटना लिहिता येते काय, हे पाहावे.

व्यवसायाच्या संधी

कारखाने अधिनियम, १९४८ लागू असताना (२०२५ पर्यंत) त्यानुसार पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागत असे. याखेरीज रुग्णालये, समुपदेशन केंद्रे, बालकल्याण संस्था आणि स्वयंसेवी संस्था येथेही प्रशिक्षित व्यक्तींची गरज असते. अनेक पदांसाठी एम.एस.डब्ल्यू. ही पदव्युत्तर पदवी अपेक्षित असते. तिला सामान्यतः कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे मराठीची पदवी घेणाऱ्यासही ही वाट खुली आहे. मात्र क्षेत्रकार्य घरबसल्या होत नाही. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्याने प्रवेशापूर्वीच त्यासाठीच्या वेळेचा विचार करावा.

सारांश

समाजकार्याचे शिक्षण सद्भावनेला शिस्त लावते. दुसऱ्याचे आयुष्य आपल्या हाती घ्यावयाचे नसून ते त्याच्या हाती राहील असे साहाय्य करावयाचे असते, हे त्याचे सार आहे.

स्वाध्याय

१. समाजसेवा आणि समाजकार्य यांतील भेद स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. आपल्या परिचयातील एका घराचे वर्णन, नाव न देता आणि एकही निवाडा न करता, दहा ओळींत लिहा.